मक्याच्या दाण्यात आईचा वाटा किती आणि बापाचा किती? (उलटसुलट संकरातून आलेले वेगळे रंग)

रामबागवासी (१४ ऑक्टोबर)

सर्वांना नमस्कार. मी इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर महूच्या पुढे असलेल्या आमच्या दोन बिघे जमिनीवर मका लावू लागलो. दोन वर्षांपूर्वी झाबुआकडच्या एका परिचितांनी मला गडद जांभळ्या दाण्यांची दोन कणसे दिली. ते बी मी वेगळे लावून, पिशव्या बांधून, दोन हंगाम शुद्ध ठेवले आणि दोन्ही वेळा प्रत्येक कणीस पूर्ण जांभळेच आले.

या खरिपात मी त्याचा आणि आमच्या नेहमीच्या पिवळ्या मक्याचा दोन्ही बाजूंनी संकर केला. कणसाला केस फुटण्याआधीच त्यावर बटर पेपरची पिशवी चढवली, आदल्या संध्याकाळी तुऱ्याला खाकी पिशवी बांधली, आणि सकाळी दव ओसरल्यावर तुरा झटकून पिशवीत जमलेली परागांची पिवळी पूड दुसऱ्या झाडाच्या केसांवर टाकून कणीस लगेच पुन्हा झाकले. जांभळी आई आणि पिवळा बाप असलेल्या कणसांवर सगळे दाणे एकसारखे गडद भरले. पिवळी आई आणि जांभळा बाप असलेल्या कणसांवर मात्र प्रत्येक दाणा ठिपक्याठिपक्यांचा आहे, जणू पिवळ्या दाण्यावर कोणी जांभळी शाई शिंपडली असावी.

आई-बापांची अदलाबदल केली तरी संततीत फरक पडत नाही, हे मेंडेलच्या वाटाण्यांवरून मी दर वर्षी मुलांना शिकवले. मग माझ्या हातातली ही दोन कणसे वेगळी का दिसतात? ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निमाडकर (१४ ऑक्टोबर)

सर, मी बडवाहजवळ मका आणि कापूस करतो. पहिली शंका वाऱ्याची घ्यावी, असे मला वाटते. मक्याचा पराग हलका असतो आणि शेजारच्या शेतातून सहज येतो. पिशवी एखाद्या दिवशी उशिरा चढवली गेली असेल तर बाहेरचा पराग आधीच केसांवर बसलेला असू शकतो.

रामबागवासी (१५ ऑक्टोबर)

दादा, शंका रास्त आहे. पण बाहेरच्या परागाने काही दाणे पूर्ण पिवळे झाले असते आणि काही नसते. येथे सहाही कणसांवर एकूण एक दाणा ठिपक्यांचा आहे.

बीजशाळा (१५ ऑक्टोबर)

सर, मी वनस्पती-प्रजननात काम करते. उत्तर देण्याआधी आपण एक छोटी तपासणी करावी, अशी विनंती आहे. दोन्ही प्रकारचे चार-चार दाणे रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि सकाळी नखाने वरची पारदर्शक साल सोलून काढा. रंग त्या सालीबरोबर निघून येतो की सालीखाली राहतो, हे येथे कळवा. दाण्याची साल हा पूर्णपणे आईच्या झाडाचा भाग असतो आणि पराग कोणाचाही असला तरी ती आईसारखीच राहते. रंग सालीत असेल, तर आपल्या कोड्याचे उत्तर वेगळे असेल.

रामबागवासी (१६ ऑक्टोबर)

ताई, सोलून पाहिले. साल काचेसारखी पारदर्शक निघाली आणि तिला रंगाचा मागमूस नव्हता. गडद दाण्यात सालीखालचा एक पातळ थर सलग जांभळा आहे. ठिपक्यांच्या दाण्यात त्याच थरावर बारीक-मोठे डाग आहेत आणि त्या थराखालचा गर दोन्हींत पिवळसरच आहे.

बीजशाळा (१६ ऑक्टोबर)

आपण जो थर पाहिला त्याला अल्यूरोन म्हणतात आणि तो भ्रूणपोषाचा, म्हणजे दाण्यातील भ्रूणाला पोसणाऱ्या अन्नसाठ्याचा, सर्वांत बाहेरचा, एका पेशीच्या जाडीचा थर असतो. तेव्हा हा प्रश्न भ्रूणपोषाचा आहे, आणि त्यासाठी दाणा कसा तयार होतो तेथून सुरुवात करावी लागेल.

मक्याच्या केसावर पडलेला परागकण रुजतो, त्याची नलिका केसातून खाली उतरते आणि साधारण एका दिवसात बीजांडापर्यंत पोहोचते. ती दोन नरपेशी घेऊन येते. एक नरपेशी अंडपेशीशी एकरूप होते आणि त्यातून भ्रूण, म्हणजे पुढचे रोप, बनते. दुसरी नरपेशी मध्यवर्ती पेशीत जाते, जिथे आईची दोन केंद्रके आधीच वाट पाहत असतात, आणि या तिघांतून भ्रूणपोष बनतो. हे दुहेरी फलन १८९८ साली रशियाच्या नवाशिन यांनी आणि त्यानंतर लगेच फ्रान्सच्या गिन्यार यांनी दाखवून दिले. भ्रूणात आई आणि बाप यांची एकेक प्रत असते, तर भ्रूणपोषात आईच्या दोन आणि बापाची एक. पिकलेल्या दाण्याच्या वजनाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग हा भ्रूणपोषच असतो, म्हणून आपण जे पीठ दळतो ते मुख्यतः या दोनास एक अशा भागीदारीचे पीठ असते.

सूक्ष्मदर्शी (१६ ऑक्टोबर)

मी येथील महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गात शिकतो. ताईंच्या स्पष्टीकरणातूनच उत्तर मिळते, असे मला वाटते. आई जांभळी असेल तर भ्रूणपोषात रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती येतात आणि बाप जांभळा असेल तर एकच येते. दोन प्रतींनी सलग रंग आणि एका प्रतीने अर्धवट रंग, इतका हा साधा मात्रेचा हिशेब असावा. १९१५ साली हेज आणि ईस्ट यांनी पिठूळ आणि कठीण दाण्याच्या मक्यांचा संकर करून हेच दाखवले होते. आई पिठूळ असेल तर दाणा पिठूळ आणि आई कठीण असेल तर दाणा कठीण, कारण ज्या बाजूच्या दोन प्रती असतात तिचेच गुण दिसतात.

बीजशाळा (१७ ऑक्टोबर)

आपण दिलेले उदाहरण अचूक आहे आणि मात्रेचा परिणाम मक्यात इतरत्रही दिसतो. १९३१ साली मँगल्सडॉर्फ आणि फ्रॅप्स यांनी दाखवले, की पिवळ्या रंगाच्या जनुकाच्या प्रती शून्यापासून तीनपर्यंत वाढत जातात तसतसे दाण्यातले अ जीवनसत्त्वाचे प्रमाणही वाढते. शेकडो जनुकांच्या बाबतीत आपले स्पष्टीकरण पुरेसे ठरले असते. पण सरांच्या ठिपक्यांना ते लागू पडत नाही, आणि तसे ते का पडत नाही हे शोधणारा प्रयोग मला या संपूर्ण विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरी कर्मिकल यांनी नेमक्या याच ठिपक्यांचा अभ्यास केला आणि १९७० साली तो प्रसिद्ध केला. रंगाचे हे जनुक मक्याच्या दहाव्या गुणसूत्रावर असते आणि त्याला ‘आर’ असे नाव आहे. कर्मिकल यांच्यासमोरचा प्रश्न आपल्यासारखाच होता: ठिपके पडतात ते एकच प्रत असल्यामुळे, की ती प्रत बापाकडून आल्यामुळे? आई आणि मात्रा या दोन गोष्टी साध्या संकरात एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे त्या वेगळ्या करायच्या तर बापाकडून दोन प्रती पाठवता आल्या पाहिजेत. त्यासाठी त्यांनी मक्यातील बी नावाच्या जादा गुणसूत्रांचा उपयोग केला. दहाव्या गुणसूत्राचा तुकडा अशा बी गुणसूत्राला जोडला गेला असेल, तर परागकणात नरपेशी तयार होताना तो अनेकदा दोन्ही पेशींत वाटला न जाता एकाच पेशीत दुप्पट जातो. असा पराग वापरल्यावर भ्रूणपोषात बापाकडून ‘आर’च्या दोन प्रती आल्या आणि आईकडून एकही रंगीत प्रत आली नाही. दाणे तरीही ठिपक्यांचेच निघाले.

म्हणजे प्रतींची संख्या समान करूनही फरक तसाच राहिला. जनुक तेच आणि त्यातील अक्षरेही तीच होती, पण ते कोणाच्या हातून आले याची खूण त्यावर राहिली होती. या खुणेला आपण जनुकीय ठसा म्हणू. एकेका जनुकाच्या बाबतीत असा ठसा काळजीपूर्वक दाखवून देणारे हे सजीवसृष्टीतील पहिल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. उंदरांमधील याच प्रकारचे काम पुढे १९८०च्या दशकात झाले.

सूक्ष्मदर्शी (१७ ऑक्टोबर)

माझी चूक लक्षात आली, आभारी आहे. ही खूण रासायनिकदृष्ट्या नेमकी काय असते?

बीजशाळा (१८ ऑक्टोबर)

डीएनएमधील सायटोसिन या घटकावर वनस्पती मिथाइल गट चढवतात आणि असा गट जेथे दाट असतो तेथील जनुक बहुधा गप्प राहते. फलन होण्यापूर्वी आईच्या मध्यवर्ती पेशीत एक विकर (एन्झाइम) ठरावीक ठिकाणचे मिथाइलयुक्त सायटोसिन कापून काढते आणि दुरुस्तीत त्यांच्या जागी साधे सायटोसिन बसते. त्यामुळे आईची प्रत मोकळी होते. बापाची प्रत परागकणातून येते, तिच्यावर हे काम झालेले नसते, आणि ती आपल्या खुणांसह भ्रूणपोषात दाखल होते. ‘आर’च्या बाबतीत आईची प्रत लवकर आणि सर्व पेशींत काम सुरू करते, तर बापाची काही पेशींत जागी होते आणि काहींत होत नाही. म्हणून ठिपके दिसतात.

कर्मिकल यांनी असेही एक उत्परिवर्तन शोधले होते, की ज्याच्या झाडाला आई केले तर आईकडून आलेला ‘आर’सुद्धा ठिपकेच देतो. ते जनुक कोणते, हे कोडे कित्येक दशके राहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते मिथाइल खुणा काढणाऱ्या विकराचेच जनुक असल्याचे दिसून आले. आईच्या पेशीतले ते हत्यार बोथट झाले की आईची प्रतही बापाच्या प्रतीसारखी वागू लागते.

मक्याच्या दाण्यावरच्या सर्वच ठिपक्यांचे कारण हे नसते, एवढे येथे सांगितले पाहिजे. बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी ज्या ठिपक्यांवरून जागा बदलणारी जनुके शोधली आणि ज्यासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते ठिपके वेगळ्या कारणाने पडतात.

जुनी_इंदूरकर (२० ऑक्टोबर)

मी या विषयातली जाणकार नाही, पण हा धागा दोन वेळा वाचला आणि स्वयंपाकघरातली एक शंका विचारावीशी वाटली. आमच्या घरी भुट्ट्याचा कीस श्रावणापासून होतो आणि त्यासाठी मुलाने यंदा घरामागच्या जागेत स्वीट कॉर्न लावले होते. कणसे कोवळी असतानाच तोडली, तरी किसल्यावर दूध फार पिठूळ निघाले, कढईत तूप-मोहरीवर परतताना कीस गोळा होऊ लागला आणि गोडवा जवळजवळ नव्हताच. बियाणे चांगल्या दुकानातून आणले होते. शेजारच्या प्लॉटवर साधा मका होता. यातही बापाचा संबंध असू शकतो का?

बीजशाळा (२० ऑक्टोबर)

काकू, बहुधा तोच संबंध आहे आणि बियाण्याचा दोष नसावा. स्वीट कॉर्नचा गोडवा हा साखरेचे पिठूळ पदार्थात रूपांतर करणारे एखादे जनुक निकामी असल्यामुळे येतो, आणि भ्रूणपोषातील तिन्ही प्रती निकामी असतील तरच तो टिकतो. शेजारच्या साध्या मक्याच्या परागातून एक चांगली प्रत आली, की त्या दाण्यात स्टार्च बनू लागतो. झाड आणि कणीस गोड जातीचेच असते, पण दाण्याचा बाप परका असतो. परागाचा परिणाम त्याच वर्षीच्या दाण्यावर असा लगेच दिसतो, हे मक्याचे वैशिष्ट्य आहे. आंब्याच्या बाबतीत आपण फळाचा गर खातो, तो आईचा असतो, म्हणून शेजारच्या झाडाने हापूस आंबट होत नाही. मक्यात आपण बीज खातो.

पुढच्या वर्षी दोन्हींच्या पेरणीत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे, म्हणजे तुरे आणि केस एकाच वेळी येणार नाहीत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: स्वीट कॉर्नच्या दोन वेगळ्या प्रकारांत निकामी जनुके वेगवेगळी असतात, त्यामुळे ते दोन गोड प्रकार शेजारी लावले तरी एकमेकांची उणीव भरून काढतात आणि दोन्हींचे दाणे पिठूळ होतात.

निमाडकर (२३ ऑक्टोबर)

ताई, रंगाचे आणि गोडव्याचे समजले. शेतकऱ्याच्या दृष्टीने माझा प्रश्न वजनाचा आहे. आमच्या भागात काही जण संकरित मक्याचे बीजोत्पादन करतात. त्यात मादी ओळींचे तुरे काढून टाकतात, नर ओळी तशाच ठेवतात आणि बियाणे मादी ओळींवरचे घेतात. मी स्वतः एक हंगाम हे केले, तेव्हा सांगितलेल्या नर आणि मादी वाणांची अदलाबदल झाल्याचे नंतर लक्षात आले आणि बियाणे बारीक निघाले. पुढे त्याच बियाण्याचे पीक मात्र नेहमीसारखेच उभे राहिले. दाण्याचा आकारही आई-बापाच्या या ठशावर अवलंबून असतो का?

बीजशाळा (२४ ऑक्टोबर)

दादा, आपल्या अनुभवातला मोठा भाग साध्या कारणाने समजतो. बियाणे मादीच्या झाडावर पोसले जाते, तिची पाने, तिचे कणीस आणि दाण्याभोवतीची तिची साल यांवर दाण्याचा आकार बराचसा ठरतो. नाजूक आणि अशक्त वाण मादी म्हणून आले, की बियाणे बारीक होते. उगवलेल्या रोपात मात्र दोन्ही बाजूंची जनुके एकेक प्रत असतात, म्हणून पीक सारखेच वाढते.

पण त्यापलीकडे ठशाचाही वाटा आहे आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत. बॉर-याव लिन यांनी १९८२ साली दाखवले, की दहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक भाग बापाकडून आला नाही तर दाणा लहान राहतो आणि आईकडून त्याच भागाच्या जादा प्रती देऊनही ती उणीव भरून निघत नाही. १९८४ साली त्यांनी असे मादी झाड वापरले, की ज्याच्या मध्यवर्ती पेशीत केंद्रकांची संख्या कमी-जास्त होते. त्या सर्व मिश्रणांतून नीट भरलेले दाणे तेथेच मिळाले जेथे आईचे दोन भाग आणि बापाचा एक भाग हे प्रमाण राखले गेले होते. चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) आणि द्विगुणित (नेहमीचे दोन संच असलेल्या) मक्याचा संकर कोणत्याही बाजूने केला तरी दाणे सुरकुततात, त्याचेही कारण हेच आहे. दाण्याला आई आणि बाप दोघेही लागतात आणि ठरलेल्या प्रमाणातच लागतात.

आता दाण्याचा देठाकडचा टोकदार भाग डोळ्यांसमोर आणा. पक्व दाणा कणसावरून काढून ते टोक नखाने खरवडले की आत काळा थर दिसतो आणि तो दिसला की दाण्याचे भरणे संपले असे आपण समजतो. त्याच जागी, दाणा कोवळा असताना, भ्रूणपोषाच्या तळाशी खास पेशींची एक रांग असते. त्यांच्या भिंती आतल्या बाजूला वळ्यांसारख्या वाढलेल्या असतात आणि झाडाकडून येणारी साखर त्यांच्यातूनच आत शिरते. ‘मेग-१’ नावाचे जनुक येथे काम करते आणि सुरुवातीच्या दिवसांत त्याची फक्त आईकडून आलेली प्रत चालू असते. २०१२ साली दिसून आले, की या जनुकाची मात्रा वाढवली तर या पेशी वाढतात आणि दाणाही मोठा होतो. उलट बाजूला ‘डेड-१’ हे जनुक आहे, ज्याची बापाकडची प्रत चालू असते. २०२२ सालच्या अभ्यासानुसार त्याचा परिणाम दाण्याच्या वजनावर होतो, म्हणजे वेगवेगळ्या परागांनी एकाच मादीवरचे दाणे कमी-अधिक वजनाचे होण्याचे एक कारण त्यात सापडते.

सूक्ष्मदर्शी (२४ ऑक्टोबर)

आम्हाला वर्गात असे शिकवतात, की बापाची जनुके आपल्या दाण्यासाठी अधिक अन्न ओढतात आणि आईची जनुके सर्व दाण्यांत समान वाटप व्हावे म्हणून त्यांना आवरतात. हेग आणि वेस्टोबी यांनी १९८९ साली ही मांडणी केली. मग ‘मेग-१’ हे आईचे जनुक असून दाणा मोठा का करते?

बीजशाळा (२५ ऑक्टोबर)

हा प्रश्न आपण विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. एका कणसावरच्या दाण्यांची आई एकच असते, पण वाऱ्याने आलेल्या परागामुळे बाप अनेक असू शकतात. त्यामुळे आईला सगळे दाणे सारखे आणि प्रत्येक बापाला फक्त आपला दाणा जवळचा, हा त्या मांडणीचा पाया पक्का आहे. तिच्यामुळे बऱ्याच गोष्टींची संगती लागते. पण ‘मेग-१’ त्या चौकटीत बसत नाही. माझ्या मते तेथे आई आणि संतती यांच्यातला ताळमेळ अधिक महत्त्वाचा असावा. अन्न पुरवणारी आईच्या बाजूची पेशी आणि ते घेणारी दाण्याची पेशी एकमेकींना लागूनच असतात, आणि देणारीच्या व घेणारीच्या जनुकांचे जुळलेले बरे. २०११ साली संपूर्ण जनुकसंचाची तपासणी झाली तेव्हा मक्याच्या भ्रूणपोषात ठसा असलेली शंभराहून अधिक जनुके मिळाली. त्या सगळ्यांना एकाच कारणाच्या दावणीला बांधणे मला योग्य वाटत नाही.

रामबागवासी (२ नोव्हेंबर)

ताई, आपण जे लिहिले ते मी वहीत उतरवून घेतले. ज्या शहरात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी पिकांच्या संशोधनाची संस्था सुरू केली, त्या शहरात राहून हा प्रयोग मी अर्धवट सोडू नये, असे वाटते. ठिपक्यांचे दाणे रब्बीत पेरतो आहे. त्या झाडांकडून काय अपेक्षा धरावी?

बीजशाळा (२ नोव्हेंबर)

सर, ठसा दर पिढीत पुसला जातो आणि नव्याने उमटतो. म्हणून ठिपक्यांच्या दाण्यातून आलेल्या झाडाला आई करून पिवळ्याचा पराग दिला, तर रंगीत दाणे सलग रंगाचे यावेत आणि ठिपक्यांचा एकही नसावा. त्याच झाडाचा पराग पिवळ्यावर टाकला, तर रंगीत दाणे सगळे ठिपक्यांचे यावेत. दोन्हीकडे रंगीत दाणे निम्मे असावेत. मात्र आपल्या पिवळ्या मक्यात रंगाचे दुसरे एखादे जनुकही निकामी असेल, तर ते चौथाई येतील. शक्य झाल्यास एका कणसावर त्याच झाडाचा पराग टाकून तेही ठेवा.

रामबागवासी (१९ एप्रिल)

थंडीमुळे पीक हळू वाढले आणि कणसे आता हातात आली. ठिपक्यांच्या दाण्यांतून आलेल्या पाच झाडांना आई केले होते. पाचही कणसांवर जे दाणे रंगीत आहेत ते सलग गडद आहेत. मी भिंग घेऊन एकेक ओळ तपासली आणि ठिपक्यांचा दाणा सापडला नाही. त्याच झाडांचा पराग पिवळ्यावर टाकलेली चार कणसे आहेत, त्यांवर सलग रंगाचा दाणा एकही नाही आणि जेथे रंग आहे तेथे ठिपकेच आहेत. रंगीत दाणे मात्र निम्मे नाहीत, चौथाईच्या आसपास आहेत. आपण सांगितलेले दुसरे जनुक आमच्या पिवळ्या मक्यात आहे, असे दिसते.

बीजशाळा (१९ एप्रिल)

सर, वाचून फार आनंद झाला. मग स्वतःचाच पराग दिलेल्या कणसावर दर सोळा दाण्यांत सरासरी सहा सलग, तीन ठिपक्यांचे आणि सात बिनरंगी, असे प्रमाण यावे.

रामबागवासी (१९ एप्रिल)

ते कणीस अजून पिशवीतच वाळत आहे. उद्या सकाळी उजेडात दाणे सुटे करून तीन वाट्यांत मोजतो आणि आकडे येथेच लिहितो.